सफारी रॅली प्रत्यक्ष पाहायची असेल तर : नैवाशातील चार दिवसांचे नियोजन

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या, म्हणजे डब्ल्यूआरसीच्या, वेळापत्रकात ग्रॅव्हलवरच्या, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या रॅली अनेक असतात. त्यांपैकी महाराष्ट्रातून जाऊन पाहण्यास केनियाची सफारी रॅली विशेष सोयीची आहे. मुंबईहून नैरोबीला साधारण सहा तासांत थेट विमान पोहोचते, तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते आणि वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. मात्र पहिल्यांदा जाणारा प्रेक्षक बहुतेक वेळा एकच गल्लत करतो. चार दिवसांत शक्य तितक्या ठिकाणी धावून शक्य तितक्या गाड्या पाहण्याचा बेत तो आखतो आणि त्याचा निम्मा वेळ वाहतुकीत अडकून जातो. सफारी ही वेगापेक्षा टिकून राहण्याची रॅली आहे आणि तिची खरी गंमत एकाच जागी सकाळ ते दुपार थांबणाऱ्याला कळते. म्हणून पुढचे सगळे नियोजन कमी जागा आणि जास्त वेळ या हिशेबाने मांडले आहे.

आधी स्पर्धेची रचना समजून घ्यावी

रॅलीत गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी सुटते आणि घड्याळाविरुद्ध धावते. सर्वसामान्य वाहतुकीसाठी बंद केलेल्या ज्या रस्त्यावर वेळ मोजली जाते त्याला स्पेशल स्टेज किंवा नुसते स्टेज म्हणतात. एका स्टेजकडून दुसऱ्याकडे जाताना याच गाड्या नंबरप्लेट लावून, वाहतुकीचे सर्व नियम पाळत, ट्रक आणि मटाटूंच्या, म्हणजे प्रवासी मिनीबसच्या, रांगेतून जातात. प्रत्येक स्टेजच्या आधी टाइम कंट्रोल असतो आणि तिथे नेमक्या मिनिटाला हजेरी द्यावी लागते. उशीर झाल्यास दर मिनिटाला दहा सेकंदांचा, तर लवकर हजेरी दिल्यास दर मिनिटाला पूर्ण एका मिनिटाचा दंड बसतो. कंट्रोलच्या अलीकडे गाडी उभी करून नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसणारा साथीदार, घड्याळाकडे पाहत उभा दिसतो, त्याचे कारण हेच.

रॅली सुरू होण्यापूर्वी ड्रायव्हर-नॅव्हिगेटरच्या सर्व जोड्यांना प्रत्येक स्टेजवरून मर्यादित वेगाने दोनदा जाऊ दिले जाते. या पाहणीला रेकी म्हणतात. ड्रायव्हर वळण किती तीव्र, पुढे चढ की उतार, दगड कुठे हे सांगत जातो आणि नॅव्हिगेटर ते लिहून घेतो. या पेसनोट्स नंतर पूर्ण वेगात वाचून दाखवल्या जातात. केनियात अडचण अशी की रेकीच्या दिवशी लिहिलेला रस्ता स्पर्धेच्या दिवशी तसाच राहील याची खात्री नसते. रात्रीच्या एका सरीने किंवा पुढे गेलेल्या दहा गाड्यांनी तो पार बदलून जातो.

गाड्या सुटण्याचा क्रमही ध्यानात ठेवावा. पहिल्या दिवशी अजिंक्यपदाच्या क्रमवारीत आघाडीवर असलेला ड्रायव्हर सर्वांत आधी सुटतो. ग्रॅव्हलवर हे सहसा तोट्याचे असते, कारण वरची सुटी खडी त्यालाच झाडून काढावी लागते आणि मागून येणाऱ्यांना खालचा कठीण थर मिळतो. पुढच्या दिवसांत रॅलीतील आघाडीचे ड्रायव्हर उलट्या क्रमाने, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा या गटात शेवटी, सुटतात. पाऊस येण्याची चिन्हे असली की हे गणित उलटते आणि आधी सुटलेला कोरड्या रस्त्यावरून निघून जातो. सफारीत आकाशाकडे पाहिल्याशिवाय निकालाचा अंदाज बांधता येत नाही.

गुणांची पद्धत २०२५ पासून अशी आहे : एकूण निकालात पहिल्या दहांना २५, १७, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ गुण मिळतात. केवळ रविवारच्या स्टेजच्या बेरजेवर पहिल्या पाचांना ५ ते १ आणि पॉवर स्टेज म्हटल्या जाणाऱ्या शेवटच्या स्टेजवर पुन्हा पहिल्या पाचांना ५ ते १ गुण मिळतात. एका रॅलीतून जास्तीत जास्त ३५ गुण मिळू शकतात. शनिवारी मोठ्या फरकाने मागे पडलेला ड्रायव्हर रविवारी जिवावर उदार होऊन गाडी का चालवतो, याचे उत्तर या पद्धतीत आहे.

ही रॅली इतरांहून वेगळी का

१९५३ साली राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या राज्याभिषेकानिमित्त केनिया, युगांडा आणि तेव्हाचे टांगानिका या प्रदेशांतून ही स्पर्धा सुरू झाली. १९७३ पासून २००२ पर्यंत ती डब्ल्यूआरसीचा भाग होती. त्या काळात अंतर हजारो किलोमीटरचे असे, रस्ते वाहतुकीसाठी खुले असत, संघांची हेलिकॉप्टरे गाडीपुढे उडत जनावरांची सूचना देत आणि पावसात काळ्या मातीत रुतलेल्या गाड्या गावकऱ्यांनी ढकलून काढलेल्या असत. २००२ ची शेवटची जुनी सफारी स्कॉटलंडचे ड्रायव्हर कॉलिन मॅक्रे यांनी जिंकली. त्यांच्याच नावावरून नाव ठेवलेला मॅक्रे किमाथी हा केनियन तरुण पुढे स्वतः रॅली ड्रायव्हर झाला, यावरून या देशात रॅलीचे वेड किती खोल आहे ते कळते.

भारतीय वाचकाला या इतिहासात आपली माणसेही भेटतात. केनियाचे जोगिंदर सिंग यांनी १९६५ मध्ये आपले बंधू जसवंत यांच्यासह व्होल्व्होमधून, आणि पुढे १९७४ व १९७६ मध्ये मित्सुबिशी लान्सरमधून सफारी जिंकली. युगांडात जन्मलेले शेखर मेहता यांनी १९७३ मध्ये आणि नंतर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे, एकूण पाच वेळा ती जिंकली. २०२१ मध्ये रॅली डब्ल्यूआरसीत परतली तेव्हा ओंकार राय आणि करण पटेल ही केनियन भारतीय वंशाची नावे पहिल्या दहांत होती. स्थानिक जोड्या मागच्या क्रमांकावर सुटतात म्हणून आघाडीच्या गाड्या गेल्या की प्रेक्षक निघू लागतात. तसे करू नये. केनियन प्रेक्षकांचा सर्वांत मोठा जल्लोष स्थानिक गाड्यांसाठीच असतो आणि तो चुकवण्यासारखा नाही.

तारखा, परवाना आणि लस

२०२१ ते २०२३ ही तीन वर्षे रॅली जूनमध्ये झाली आणि २०२४ पासून ती मार्चमध्ये घेतली जाऊ लागली. मार्च म्हणजे तिथल्या मोठ्या पावसाळ्याचे तोंड, त्यामुळे धूळ आणि चिखल दोन्हींची तयारी हवी. डब्ल्यूआरसीचे वार्षिक वेळापत्रक जाहीर होताच तारखा नोंदवून ठेवाव्यात आणि रॅली जिथे भरते त्या नैवाशात बुधवारी पोहोचून सोमवारी परतीचे विमान मिळेल असा प्रवास ठरवावा.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए हा ऑनलाइन परवाना सुरू केला आहे. तो निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. मध्यस्थ संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि ती विनाकारण जादा पैसे घेतात.

याहून महत्त्वाची बाब पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लसीची आहे. केनिया हा पीतज्वराचा प्रदेश मानला जात असल्याने तिथून भारतात परतणाऱ्याकडे लसीकरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असावे लागते. ते नसेल तर परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत, ठेवले जाऊ शकते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच, आधी वेळ घेऊन टोचून घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. रॅलीची तारीख कळली की विमानाच्या तिकिटाआधी या केंद्राची वेळ घ्यावी, असा माझा आग्रह आहे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना त्याच सुमारास विचारावे.

सामान भरताना आणखी एक दक्षता घ्यावी. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. चिवडा-चकल्या नेहमीच्या पातळ पिशव्यांत बांधून न नेता डब्यांत न्याव्यात आणि पाण्यासाठी धातूची बाटली ठेवावी.

मुक्काम आणि वाहन

रॅलीचे केंद्र नैवाशा हे सरोवराकाठचे गाव असून ते नैरोबीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरच्या आसपास आहे. सर्व्हिस पार्क, म्हणजे संघांनी गाड्या दुरुस्त करण्याची जागा, तिथल्या वन्यजीव प्रशिक्षण संस्थेच्या आवारात असते. सरोवराच्या दक्षिणेकडील रस्त्यावरची हॉटेले आणि तंबूंच्या जागा रॅलीच्या आठवड्यासाठी फार आधी भरतात. जागा मिळाली नाही तर गिलगिल किंवा नाकुरू इथे राहावे. शनिवारचे स्टेज त्या बाजूला असल्याने ते गैरसोयीचे ठरत नाही. नैरोबीहून रोज ये-जा करण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा, कारण त्या एकाच महामार्गावर अवजड वाहने, रॅलीचे प्रेक्षक आणि घाटातली अरुंद वळणे एकत्र येतात.

वाहन उंच आणि शक्यतो चारही चाकांना जोर मिळणारे घ्यावे आणि ते चालवायला स्थानिक चालक ठेवावा. प्रेक्षक क्षेत्रापर्यंतचे रस्ते शेतातले किंवा कुरणातले असतात. कोरडे असताना साधी गाडी जाते, पण पाऊस झाला की परत निघत नाही. पैशांचे व्यवहार बहुतेक ठिकाणी मोबाइलवरच्या एम-पेसाने होतात. पासपोर्ट दाखवून विमानतळावरच सिमकार्ड घेतले तर ही सोय लगेच सुरू करता येते, तरीही थोडी रोख रक्कम जवळ असावी.

कोणते स्टेज निवडावेत

कार्यक्रमपत्रिका दरवर्षी थोडी बदलते, म्हणून अंतिम वेळापत्रक आणि प्रेक्षक क्षेत्रांचा नकाशा रॅलीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन मोबाइलमध्ये जतन करावा. स्टेजवर नेटवर्क जाते तेव्हा तोच उपयोगी पडतो. अलीकडच्या वर्षांतील मांडणी अशी राहिली आहे की शुक्रवारी नैवाशा सरोवराभोवतीचे लोल्डिया, जिओथर्मल आणि केडोंग, शनिवारी उत्तरेकडचे सोयसांबू, एलमेंटेइटा आणि स्लीपिंग वॉरिअर, तर रविवारी हेल्स गेट हे स्टेज असतात. बहुतेक स्टेज सकाळी एकदा आणि दुपारी एकदा धावले जातात.

दर दिवशी एकच स्टेज निवडावे आणि दोन्ही फेऱ्या तिथेच पाहाव्यात. सकाळच्या फेरीत रस्ता सपाट दिसतो, पृष्ठभागावर बारीक माती पसरलेली असते आणि गाड्या त्यावरून तरंगत गेल्यासारख्या जातात. त्यानंतर मागच्या क्रमांकाच्या गाड्यांपर्यंत सगळ्या जाऊन झाल्या की त्याच वळणावर चाकोऱ्या खोल झालेल्या, आतून मुठीएवढे आणि त्याहून मोठे दगड वर आलेले आणि वळणाच्या आतल्या कडेला मातीचा ढीग साचलेला दिसतो. दुपारी तोच ड्रायव्हर तिथे येतो तेव्हा तो आतली कड कापण्याचे टाळतो, चाकोरीत चाक घालून गाडी तिच्या आधाराने वळवतो आणि दगड दिसताच इंचभर बाजूला सरकतो. हा फरक दोन वेगवेगळ्या ठिकाणी पाहून कधीच लक्षात येणार नाही.

शुक्रवारसाठी माझी पसंती केडोंगला आहे. अनेक वर्षे सफारीच्या सर्वांत लांब स्टेजपैकी एक राहिलेले हे स्टेज फेशफेश नावाच्या मातीसाठी कुप्रसिद्ध आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही माती मैद्यासारखी बारीक असते. ती खड्डे आणि दगड पूर्ण झाकून टाकते, गाडी तिच्यात शिरली की वेग एकदम मरतो, समोरची काच क्षणात झाकली जाते आणि इंजिनात हवेबरोबर धूळ ओढली जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच इथे धावणाऱ्या गाड्यांना काचेच्या कडेने वर गेलेली स्नॉर्केल, म्हणजे हवा उंचावरून घेणारी नळी, बसवलेली दिसते. पाण्याचा प्रवाह ओलांडतानाही तीच कामी येते.

शनिवारसाठी स्लीपिंग वॉरिअर किंवा सोयसांबू निवडावे. एलमेंटेइटा सरोवराजवळची झोपलेल्या योद्ध्यासारखी दिसणारी टेकडी पहिल्या स्टेजला नाव देऊन गेली आहे. तिथली कुरणे मोकळी असल्याने गाडी दूरवरून येताना दिसते. आधी धुळीचा लोट, मग आवाज आणि शेवटी गाडी. छायाचित्रे काढणाऱ्यांना याहून चांगली जागा मिळणार नाही.

उभे कुठे राहावे

स्टेजचा रस्ता पहिली गाडी सुटण्याच्या बराच आधी बंद होतो, त्यामुळे पहाटे निघून दोन-तीन तास आधी जागेवर पोहोचावे. आखून दिलेल्या प्रेक्षक क्षेत्रातच राहावे आणि त्यातही जागा विचार करून निवडावी. वळणाची बाहेरची बाजू, रस्त्यापेक्षा खालची जमीन आणि उंचवट्यानंतर गाडी जिथे जमिनीवर आदळते ती जागा या तीन ठिकाणी, इतर कितीही लोक उभे असले तरी, थांबू नये. रस्त्यापेक्षा उंच आणि वळणाच्या आतल्या बाजूला बरेच मागे असलेली जागा सर्वांत चांगली. मागे सरकायला मोकळी वाट आहे का, हे आधीच पाहून ठेवावे. पाठीशी काटेरी कुंपण असेल तर ती जागा सोडावी.

वाऱ्याची दिशा बघणे इथे फार गरजेचे आहे. मूठभर माती हवेत सोडून पाहावी आणि वारा आपल्याकडून रस्त्याकडे वाहत असेल अशा बाजूला उभे राहावे. उलट बाजूला उभे राहिल्यास पहिल्याच गाडीनंतर काही दिसत नाही, आणि पुढची गाडी धुळीतून आपल्यावर येत असेल तर ती कळतही नाही. हवेत धूळ लोंबकळत राहते म्हणूनच आघाडीच्या गाड्यांमध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवलेले असते. स्पर्धक येण्याआधी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या आणि शून्य क्रमांकांच्या गाड्या जातात. शून्य क्रमांकाची गाडी गेली की पुढे येणारी गाडी पूर्ण वेगातली आहे असे समजावे, रस्ता ओलांडू नये आणि गाडी येणार त्या दिशेकडे पाठ करू नये.

वन्यप्राण्यांबाबत वनरक्षक सांगतील ते निमूटपणे ऐकावे. या परिसरात झेब्रे, जिराफ आणि रानम्हशी मोकळ्या फिरतात. सरोवराकाठी मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर पाण्याकडे जाऊ नये, कारण पाणघोडे चरायला रात्रीच बाहेर येतात.

सर्व्हिस पार्कला एक संध्याकाळ

शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी सर्व्हिस पार्कमध्ये जावेच. दिवसाच्या शेवटी प्रत्येक संघाला गाडीवर काम करायला साधारण पाऊण तास मिळतो आणि तेवढ्यात सस्पेन्शन, गिअरबॉक्स, ब्रेक असे जे जे बदलण्यासारखे असेल ते बदलून होते. गर्दी पुढच्या बाजूला ड्रायव्हरच्या सहीसाठी उभी असते. आपण गाडी वर उचलली जाते त्या बाजूला थांबावे. पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर दगडांचे खोल ओरखडे, एखाद्या दरवाजाच्या सांध्यातून गळणारी बारीक माती, डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारा भाग, काढल्यावर त्याच्या दांड्याला आलेला किंचित बाक हे सगळे तिथे जवळून दिसते आणि दिवसभर पाहिलेल्या खड्ड्यांची खरी किंमत कळते. या कामाची निकड समजायला २०२१ ची रॅली आठवावी. बेल्जियमचे ड्रायव्हर थिएरी नोव्हिल जवळपास एका मिनिटाची आघाडी घेऊन रविवारी सकाळी निघाले, लोल्डियावर मागचा डॅम्पर निकामी झाला आणि त्यांची रॅली तिथेच संपली. सेबास्टियन ओजिए जिंकले आणि जपानचे ताकामोतो कात्सुता दुसरे आले.

स्टेजवर असताना इतर ठिकाणी काय चालले आहे हे कळण्यासाठी डब्ल्यूआरसीचे अधिकृत अॅप पुरेसे आहे. त्यात स्टेजच्या मध्ये मध्ये नोंदलेल्या वेळा दिसतात. एखाद्याची वेळ अचानक दीड-दोन मिनिटांनी वाढली तर त्याने थांबून चाक बदलले असे समजावे. हळूहळू वाढत गेली तर सस्पेन्शनमध्ये किंवा इंजिनमध्ये काहीतरी बिघडले आहे. एखादा स्पर्धक गाडी सोडून उतरला तरी गाडी दुरुस्त झाल्यास मोठ्या दंडासह दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो, म्हणून नाव यादीतून गेले असे लगेच मानू नये. प्रत्यक्ष जाणे जमले नाही तर ‘रॅली टीव्ही’ या ऑनलाइन सेवेवर सर्व स्टेज थेट पाहता येतात. घरी बसून पाहणाऱ्यानेही एकाच स्टेजच्या दोन फेऱ्या ताडून पाहण्याची सवय लावावी.

रविवार

रविवारी हेल्स गेटला जावे. हे राष्ट्रीय उद्यान असल्याने प्रवेशशुल्क लागू शकते. ते कसे भरायचे याची चौकशी आदल्या दिवशी करावी, कारण फाटकावर लांबच लांब रांग लागते. उंच कडे, मध्येच एकट्याने उभा असलेला फिशर्स टॉवर हा खडकाचा सुळका आणि शेजारच्या ओल्कारिया भूऔष्णिक प्रकल्पातून वर जाणारी वाफ यांच्यामधून सुमारे दहा किलोमीटरचा पॉवर स्टेज जातो. सकाळच्या फेरीत ड्रायव्हर टायर जपतात, दुपारच्या फेरीत गुणांसाठी जपणे सोडतात, त्यामुळे इथेही दोन्ही फेऱ्यांसाठी थांबावे. उन्हासाठी टोपी, धुळीसाठी नाका-तोंडावर बांधायचे फडके, अंगात पातळ रेनकोट आणि पुरेसे पाणी एवढे जवळ असले की दिवस निभावतो.

शेवटच्या स्थानिक गाडीनंतर लगेच निघू नये. एकाच वेळी हजारो वाहने नैरोबीच्या दिशेने वळतात आणि घाटात तासन् तास अडकतात. नैवाशातच न्यामा चोमा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले मांस, किंवा शाकाहारी असल्यास चपाती आणि राजम्यासारख्या महारागवे या घेवड्याचे जेवण करावे, रात्रीचा मुक्काम तिथेच ठेवावा आणि सोमवारी पहाटे विमानतळाकडे निघावे. विमान दुपारनंतरचे असेल तर उत्तम, कारण वाटेत रिफ्ट व्हॅली या खोऱ्याचे दर्शन घडवणाऱ्या माथ्यावर थांबता येते आणि एखादा ट्रक घाटात बंद पडला तरी विमान चुकत नाही.